टाकी

लिमफ्योर्डच्या काठी वारा सुटला
की रात्री तीनला आस्गरच्या पडद्यावर
विजेचा भाव शून्याखाली उतरतो.
म्हणजे वीज घ्या, वर पैसेही घ्या.

पूर्वी अशा वेळी तो नुसत्या शिव्या घालायचा.
बाहेर उणे नऊ. गावाला ऊब हवी.
ऊब हवी तर टर्बाइन फिरणार,
आणि ते फिरलं की कुणाला नको असलेली वीज होणारच.
एका जुवाखालचे दोन बैल,
एक बसला तरी दुसऱ्याची मान अडकलेली.

आता आवारात टाकी आहे,
चर्चच्या मनोऱ्याहून दोन हात उंच
(पाद्रीबाईंनी त्यावर पत्र लिहिलं होतं).
संध्याकाळी, वीज महाग असताना,
गव्हाचं काड जाळून तो ती भरतो.
वर कढत पाणी, खाली कोमट,
मधली सीमा ढवळू नये म्हणून
झडप अगदी सावकाश, झोपलेल्या घराचं दार लोटावं तशी.
रात्री टर्बाइन निजवतो
आणि फुकटचा वारा
नव्या विजेच्या बॉयलरला पाजतो.

बोटं शिवशिवतात त्याची. वीस वर्षांची सवय,
काहीतरी फिरत असल्याशिवाय
काम चाललंय असं वाटत नाही.

सहाला नोऱगेडवर बोडिल
ओले हातमोजे रेडिएटरवर वाळत टाकते.
ही ऊब कालच्या काडाची की रात्रीच्या वाऱ्याची,
तिला कळत नाही, विचारतही नाही.
आस्गरपासून वेगळी होऊन
तिला अकरा वर्षं झाली.

पाइप तोच आहे.