ळ काढून पाहा

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागे, चिंतलवारांच्या दुकानात
काचेवर पाच ब्रशपेन मांडलेत.
प्रत्येकावर छापलंय, पाण्यानं हलणार नाही.
तसं तर आमच्या नळयोजनेच्या पाटीवरही
बरंच काही छापलंय.

लिहून पाहते, म्हटलं.
पाहा ना जी, म्हणाले, आणि साबुदाण्याच्या पुडीचा कागद पुढे सरकवला.
तो नको. तो शाई पितो, खरं सांगत नाही.
मी पिशवीतून प्रमाणपत्राचं कोरं पान काढलं,
कोपरा दुमडलेलं, मागच्या वर्षीचं.

सगळे श्री काढून बघतात.
श्री कुठल्याही पेनानं येतो, हाताला पाठ असतो तो.
मी ळ काढते.
उतरताना दाबायचं, वळताना उचलायचं,
दोन डोळे, दोन्ही उघडे राहायला हवेत,
आणि मधली वाट चिंचोळी.

पहिल्याचं टोक हट्टी. ळ झाला शर्टाच्या बटणासारखा.
दुसरा इतका मऊ की डावा डोळा मिटूनच गेला.
तिसरा छान, पण किंमत ऐकून मीच टोपण लावलं.
चौथ्याचा काळा म्हणजे दुसऱ्यांदा उकळलेला चहा.
पाचवा नाव जपानी सांगत होता, पत्ता सांगत नव्हता;
ळ मात्र असा उतरला
की चिंतलवारांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

मग थांबायचं. इथंच लोक चुकतात,
लगेच पाणी लावतात.
मी थांबले. त्यांनी जावयाच्या बदलीची सगळी हकीकत सांगितली,
गडचिरोलीपर्यंत आणि परत.
मग माठातल्या पेल्यात बोट बुडवून
पाचही ळांवरून एकेकदा फिरवलं.

काहून एवढं, म्हणाले.
सांगितलं:
मागच्या एक मेला शाळेच्या हॉलमध्ये कूलर होता,
नव्या वाळ्याचा, पहिल्या रांगेवर शिंतोडे उडवणारा,
आणि माझ्या हातची अडतीस प्रमाणपत्रं टेबलावर,
कारण प्रिंटरमध्ये जोडाक्षरं फुटतात.
ईश्वरदास नन्नावरेचा पहिला न वाहून
दुसऱ्या नावर गेला, मग दोघं मिळून खाली.
उरलं ते आवरे.
अख्खं वर्ष पोरं त्याला आवरे म्हणतात. तो ओ देतो.

पाचवा हलला नाही. पाचवा घेतला.

तीस एप्रिलच्या रात्री लाईट आली साडेअकराला.
नावं लिहीत गेले. हात लागला होता,
शाई वाळत होती लिहिता लिहिता,
आणि वनिता कुडमेथे, चारशे मीटर, पहिली,
हिच्या आडनावात
मी दुकानातला तो ळ लिहून मोकळी झाले.
कुळमेथे.
देखणा. दोन्ही डोळे उघडे.

जुन्या शाईत ओल्या कापसानं उचलता आला असता.
याला पाणी लावलं, थुंकी लावली,
कागद सोलला, अक्षर नाही.

सकाळी तिच्या बापाला आधीच गाठून दाखवलं.
तो बराच वेळ बघत राहिला.
शाळेत ड आहे बाई, म्हणाला, सातबाऱ्यावर ळ,
आमच्या बोलण्यात तिसरंच काहीतरी, ते लिवता येत नाई.
पण तहसीलमध्ये एका अक्षरापायी
सहा चकरा झाल्या माह्या.
ड करून द्या.

करून दिलं. नवं पान, सावकाश, ड.
बिचारा ड, एका पायावर उभा.

कूलर सुरू झाला. नन्नावरे मागच्या रांगेत जाऊन बसला.
वनिता टेबलापाशी आली, नवं घेतलं,
आणि फाडायला बाजूला ठेवलेलं तेही उचललं.
मी काही बोलायच्या आत
तिनं बोट जिभेला लावून
ळवर जोरानं घासलं.

हलत नाई हा, म्हणाली,
तक्रार करावी तशी,
आणि दोन्ही कागद घेऊन गेली.