ग्रोनिंगनचं सांडपाणी

तेवीस पिवळी हेल्मेटं, सगळी डोळ्यांवर घसरलेली,
नाकं चिमटीत.
विट्स्के बाई म्हणाल्या, हसू नका,
तर जास्तच खिदळली.

मी जाळी दाखवली. इथे अडकतात चिंध्या,
कवळ्या, एकदा लग्नाची अंगठी.

येल्मर मागे रेंगाळला.
"मार्चमध्ये बाबांनी आमचा बोटर फ्लश केला.
केशरी होता. इकडून गेला का?"

अकरा वर्षांत इतकं नेमकं
कुणी विचारलं नव्हतं.
नोंदवही उघडली. मार्च: गाळ, पाऊस, पंप दोन बंद.
"गेला की," म्हणाले, "घाईत होता. समुद्र कुठे, विचारत होता."
तो विचारात पडला.
"पण बोटरला बोलता येत नव्हतं."

बस गेल्यावर,
शेवटच्या टाकीतलं पाणी कालव्यात पडतं तिथे
उगाच वाकून पाहिलं.
मग वहीत लिहिलं:
पंप दोन चालू.
मासा दिसला नाही.