अर्धा आटा

तूवाने गाडी घेतली आईच्या नावावर, पैसे स्वतःचे.
व्होल्वो सातशे चाळीस टर्बो, ओल्या पाटीच्या रंगाची,
मागच्या चाकावरचा पत्रा गंजून पापड झालेला.
मला विचारलं नव्हतं.
दहाचा पाना मागायला आली फक्त,
आणि पाना मिळाल्यावरही दारात उभी राहिली, बूट न काढता.
मग मी जाकीट चढवलं.

शेलेफ्तेओच्या दक्षिणेला मार्च म्हणजे अजून हिवाळाच.
बाहेर उणे अकरा, गॅरेजात डिझेलचा हीटर खोकतोय.
तिने रुमालातून बूस्ट कंट्रोलर काढला, कुणाकडून तरी जुना घेतलेला:
अंगठ्याएवढी पितळी नळी,
आत छर्रा, छर्‍यामागे स्प्रिंग, वर स्क्रू. संपलं.
टर्बोची हवा छर्‍याला ढकलते,
स्प्रिंग म्हणते, थांब जरा.
तेवढ्यात वेस्टगेटला पत्ता नसतो
आणि इंजिन चार घास जास्त खातं.

"बाण कुठे?"
वेस्टगेटकडे. उलटा लावलास तर छर्रा हलणारच नाही,
नाकापेक्षा मोती जड,
आणि हेड गॅस्केटचं बिल आईला दाखवायला मी येणार नाही.
ती हसली नाही. बाण मात्र दोनदा बघितला.

जुना होज बोटांत तुटला, चिवट असल्याचं सोंग करत.
नवा कापला. क्लिपा तिने आवळल्या.
पितळी टोकांच्या आट्यांना पांढरं सीलंट मी लावलं,
सढळ हाताने.

सॉमिलपुढचा रस्ता सरळ आहे, दोन्हीकडे पाइन.
ती चालवणार, मी काटा बघणार.
तिसरा गिअर, तीन हजार, दाब.
पॉइंट चार, पाच, सात. काटा तिथेच उभा.
"बास," मी म्हणालो, आणि ती पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघत होती
त्यामुळे "पुढे बघ" असंही म्हणालो.
दुसर्‍या खेपेला पॉइंट चार.
तिसर्‍या खेपेला जेमतेम तेवढंही नाही.
उतरून तिने स्क्रू अर्धा आटा आवळला,
हात गारठले म्हणून दहा मिनिटं कॉफी प्यायलो.
पॉइंट आठ! आणि पुढच्या खेपेला पुन्हा चार.

घोडं पेंड खातंय तरी कुठे?
घरी येऊन साबणाचं पाणी शिंपडलं, एक बुडबुडा नाही.
क्लिपांवर संशय घेतला. इंटरकूलरवर घेतला.
तिच्या पायावरही घेतला, पण मनातल्या मनात.

शेवटी तिने वेस्टगेटकडचा होज उपटला
आणि फुस्स.
गाडी बंद करून अर्धा तास झालेला.
"सिक्स्टेन," ती मला नावानेच हाक मारते,
"आत कुणी धरून ठेवला होता एवढा वेळ श्वास?"

तेव्हा कळलं.
त्या नळीला वेस्टगेटच्या बाजूने एक भोक असतं, सुईच्या नेढ्याएवढं.
काम झाल्यावर अडकलेली हवा तिथून जाते,
वेस्टगेटचं दार मिटतं, पुढची खेप नव्याने सुरू होते.
भोक बुजलं की दार किलकिलं राहतं.
टॉर्च धरला. भोकात पांढरं.

जुना माल, असाच निघतो, हे वाक्य
माझ्या ओठांवर तयार होतं.
"मी बुजवलं," मी म्हणालो. "सीलंट जास्त झालं."
ती काही बोलली नाही. घरात गेली,
मला वाटलं, झालं,
तर गिटारची सगळ्यात बारीक तार तोडून घेऊन आली.

तार आत गेली, पांढरा किडा बाहेर आला.
नळीत फुंकर मारून तिने भोक गालापाशी धरलं,
मग माझ्या गालापाशी. येतेय, म्हणाली.
आवळलेला अर्धा आटा तिनेच मागे घेतला.

रात्री सॉमिलपाशी पॉइंट सात.
पॉइंट सात.
मी मोजणं सोडलं तरी सात.
घराचा फाटा आला, ती वळली नाही,
थेट तळ्याच्या टोकापर्यंत गेलो,
वाटेत तिने हीटरची झडप माझ्याकडे फिरवली.

दहाचा पाना अजून तिच्याकडेच आहे.
मागितलेला नाही.