चार हजारांच्या पुढे

हॅलिफॅक्समध्ये, जुन्या लोकर-गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
ते दुकान आहे. भिंतींना फोम, पायाखाली गालिचा,
मधोमध एकच खुर्ची. मुनाफला तिच्यात बसवून
मिस्टर हेबलथ्वेट म्हणाले, "आता डोळे मिटा."

एक केबल काढली, दुसरी लावली.
दुसरी नागासारखी जाड, विणलेली,
किंमत आमच्या गाडीपेक्षा थोडीच कमी.
"ऐकलंत? वरच्या सुरांवरची धूळ उडाली.
झांजेभोवतीची हवासुद्धा मोकळी झाली."
मुनाफनं मान डोलावली.
घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकतो हा माणूस.

मला त्यांनी ओळखलं नाही.
हॉस्पिटलात मी मास्कमध्ये, केस बांधलेले,
आणि तिथे येणारा समोरच्याकडे बघत नाही,
आपल्याच भीतीकडे बघत असतो.

मंगळवारी ते माझ्या काचेच्या खोलीत होते.
हेडफोन कानांवर, हातात बटण.
आवाज आला की दाबायचं, एवढंच.
दोन हजारांपर्यंत ठीक. तीनला अडखळले.
चार हजार हर्ट्झच्या पुढे आलेख
कड्यावरून पाय घसरल्यासारखा खाली.
हे मी कुणाला सांगणार नाही, मुनाफलाही नाही.
हेबलथ्वेट हे नावही मीच दिलेलं.

पण मनाला लागून राहिलं ते वेगळंच.
मधेमधे मी काहीच वाजवत नव्हते,
मुद्दाम, नुसती शांतता सोडत होते कानात,
आणि ते बटण दाबत होते.
ठामपणे. पुन्हा पुन्हा.

"तुम्हाला फरक जाणवला ना?"
"नाही," मी म्हटलं.
"कान तयार व्हावे लागतात, मॅडम. वर्षं जातात."

सोनारानंच कान टोचावेत, खरं आहे;
पण टोचून झाल्यावर ऐकायचंही त्यानंच,
असं कुठे ठरलं होतं?

मिरजेत अब्बा तंबोऱ्याची जवारी लावायचे.
घोडीवर तार, तारेखाली सुताचा दोरा,
बहुतेकदा स्वतःच्या सदऱ्याच्या शिवणीतून ओढलेला.
केसभर पुढे, केसभर मागे,
तार मुकी, तार मुकी, तार अजून मुकी,
आणि एकदम खोलीभर मधमाश्या.
समोर मोठमोठे गवई बसलेले असायचे.
कुणी घाईनं म्हणायचं, "आली, आली, लागली!"
अब्बा दोरा पुन्हा सरकवायचे.
"तुम्हाला आली असेल. मला कुठं आलीय?"

साठीनंतर त्यांना कमी ऐकू येऊ लागलं.
मग भोपळ्यावर हनुवटी टेकायचे,
कधी दांडीला दात.
लाकूड चावून स्वर ओळखणारा म्हातारा;
गल्ली हसायची.
त्याला बोन कंडक्शन म्हणतात,
हे मला लीड्समध्ये, फी भरून कळलं.

म्हणजे दोष कानांचा नव्हे. कान जातात.
माझेही जात असतील; बारा वर्षांत
मी स्वतःला त्या खोलीत बसवलेलं नाही.
आली नसेल तेव्हा आली नाही म्हणायचं,
तेवढं दातांनीही जमतं.

केबल घेतली नाही. गाडीत मुनाफ गप्प.
चढावर, वायपर चालू असताना म्हणाला,
"खरं सांगू? मलाही काही आलं नव्हतं."
"मग मान कशाला डोलावलीस?"
"त्याला वाईट वाटलं असतं गं."

गुरुवारी ते पुन्हा येतील, मशीन बसवायला.
कानामागे ते नखाएवढं यंत्र लावून
मी चालू करीन, आणि काही विचारणार नाही.
बहुतेकांना पहिल्यांदा ऐकू येते
स्वतःच्याच कोटाच्या बाहीची सळसळ.
दचकून ते हाताकडे बघतात.
त्या हातात या वेळी बटण नसेल.
मी थांबेन.