सहा आठवडे

दोन्ही अर्ज शुक्रवारी बंद होणार आहेत.
योगायोग म्हणायचा की वैर, कोण जाणे.
एकीकडं एमडी, मेडिसिन, मिरजेतच, याच वॉर्डात,
याच गळक्या बेसिनपाशी.
दुसरीकडं पीएचडी, लांबच्या शहरात,
जिथं मला कुणी जीभ काढून दाखवणार नाही.

बाबांना फोनवर सांगून पाहिलं.
हळदीचा सौदा चालू होता, मागं आरडाओरड.
"डॉक्टर झालीस न्हवं? मग आता परत
डॉक्टर कशी हुतीस?"
म्हटलं, हा वेगळा डॉक्टर.
"म्हंजे औषध न देणारा?"
हो.
"आन् पैसं?"
विद्यार्थीवेतन.
पलीकडून बराच वेळ नुसता बाजार ऐकू आला.

ते तोलार. तीस वर्षं काट्यापाशी उभे.
बनियन, नखं, खिशातल्या दहाच्या नोटा, सगळ्यांना एकच रंग.
माझ्या फीच्या पावत्यासुद्धा कडेनं पिवळ्या.
त्यांचा हिशेब सरळ :
काट्यावर चढतं, ते आहे.

हे खरं तर अंजिरा मान्यांमुळं झालं.
तासगावकडची बाई, बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते,
काडीचा इकडं, काळा तिकडं.
सहा महिने गोळ्या खाल्ल्या,
रिकामी पाकिटं ओच्यात बांधून आणली होती, पुरावा म्हणून.
दीड वर्षानं परत आली. एकोणचाळीस किलो.
काचेवर निळ्यात त्याच लाल काड्या.
"म्या एक बी चुकवली न्हाई," म्हणाली,
"मग ह्ये परत का आलं?"

मी केसपेपरवर लिहिलं : रिलॅप्स.
काय लिवलं, तिनं विचारलं.
म्हटलं, परत आलं, असं लिहिलंय.
ती हसली. इतकं चांगलं हसली
की मला खुर्चीतून उठावंसं वाटलं.

सर म्हणतात, तुझा हात चांगला आहे,
पेशंट तुझ्याशी बोलतात, हे शिकवून येत नाही.
खरं आहे ते. मला आवडतं
स्टेथोस्कोपची चकती आधी तळव्यावर गरम करून घेणं.
"श्वास घ्या" म्हटल्यावर एक अख्खं माणूस
माझं ऐकतं, ते आवडतं.
नळीतला जंतू कुणाचं ऐकत नाही.

आणि तरी जेवणाच्या सुट्टीत
मी पिराजीमामांच्या लॅबमध्ये जाऊन बसते.
तिरक्या हिरव्या माध्यमावर
चौथ्या आठवड्यापर्यंत काही म्हणजे काही नसतं.
पाचव्याला शंका.
सहाव्याला भाकरीच्या चुऱ्यासारखे, कोरडे, पिवळट
चारदोन कण.
इतका सावकाश प्राणी!
औषध आलं की कुठंतरी निजून राहतो हा.
कुठं, कशाच्या जिवावर, आणि उठवतं कोण,
हे वाचत वाचत जिथं पुस्तक संपतं
तिथं माझं बोट पुढच्या ओळीवर गेलेलं असतं.

भीती वाटते. सहा वर्षांनी
हातात एक प्रबंध, चार आलेख,
आणि अंजिरा तेव्हा
हे वाक्य मी रोज इथंच थांबवते.

काल संध्याकाळी सांगलीला घरी गेले.
बाबा पायरीवर पाय धूत होते, पाणी पिवळं वाहत होतं.
"किती वर्सं?"
पाच. सहा लागतील.
"आन् मग कळंल?"
नाही सांगता येत.
त्यांनी टॉवेल झटकला.
"मग वजन कशाचं करतील गं तुझं?"
रागानं नव्हे. खरंच विचारत होते.

आज सकाळी अंजिराच्या पाठीवर
चकती जरा जास्तच वेळ ठेवली.
उजवीकडं, वरच्या अंगाला, तीच करकर.
मग खाली जाऊन पिराजीमामांना म्हटलं,
चारशे सतरा नंबरची नळी टाकू नका.
"कुणासाठी ठेवू?"
मी माझं नाव सांगितलं.
त्यांनी चिकटपट्टीवर लिहून घेतलं
आणि सवयीनं
आधी डॉ. लावलं.