चिल्लर, रामकुंड

ही सगळ्यात जुनी. केसांत पानांची फीत,
मान ताठ, नुकतीच न्हाऊन आल्यासारखी.
समाधाननं बुडी मारून काढली.
दोरीच्या लोहचुंबकाला ही भीक घालत नाही.
'आत्या, विलायतेची राणी आहे, दे काहीतरी.'
दोन रुपये दिले.
नुकसानीचा सौदा, पण दिले.

माझा धंदा सुट्ट्यांचा.
शंभराची नोट द्या, नव्वदची नाणी घ्या,
गंगेत टाका, पुण्य तुमचं.
दुपारी पोरं तीच वर काढतात,
रात्री माझ्या डब्यात,
सकाळी परत तुमच्या मुठीत.
नाशिकरोडला नोटा छापतात म्हणून लोक चेष्टा करतात:
वच्छलाबाई, तुम्हाला काय कमी!

सासूनं या दगडावर बसवलं तेव्हा सिंहस्थ होता.
मी तेवीस वर्षांची, पदर नीट न सांभाळणारी.
'हलायचं नाही,' ती म्हणाली,
'आपण हललो की गिऱ्हाईक हलतं.'
त्यानंतर तीन सिंहस्थ गेले,
पुढच्यासाठी आतापासून पत्रे ठोकतायत.

राणी मधूनमधून यायची.
कुणाच्या तरी अस्थींच्या मागोमाग,
परदेशी पाकिटातून निसटून.
एकदा कपाळावर मण्यांची पट्टी.
मग मोठा मुकुट, कानात डूल.
मग हनुवटीखाली सैल मांस,
जसं माझ्या आरशात त्याच सुमाराला आलं.
काढणाऱ्यानं काही लपवलं नाही तिचं.
पण दर वेळी तोंड उजवीकडे,
जणू तिकडून कोणी यायचं आहे
आणि उठून बघणं तिला शोभत नाही.

लेस्टरचे एक ठक्कर आईच्या अस्थी घेऊन आले होते.
त्यांना विचारलं, ही बाई करते काय?
हसले. 'काही नाही. बसते.
दर आठवड्याला पंतप्रधान येतो, मनातलं सांगतो,
ती ऐकून घेते. बाहेर बोलत नाही.
कागद आले की सही.
हातमोजे घालून हात हलवते.'
'आणि पटलं नाही तर?'
'तरी सही.'

मी त्यांची नाणी मोजत होते.
मोजता मोजताच त्यांनी सांगितलं
की शेवटच्या महिन्यात आई त्यांना ओळखत नव्हती,
दवाखान्यातल्या नर्सला पोरगी म्हणायची,
आणि त्यांना त्याचा राग आला होता.
मी काही बोलले नाही.
एकावन्न, बावन्न, त्रेपन्न.
इथे सगळेच सांगतात.
भावानं जमीन कशी लाटली, बाप पिऊन कसा गेला,
बायको जिवंत असताना एकदाही गंगेवर आणली नाही.
नाणी घेतात, पायऱ्या उतरतात.
मी कुणाचंच कुणाला सांगितलं नाही.
हातमोजे तेवढे नव्हते.
बोटांना तांब्याचा वास आहे, तो भाकरीलाही लागतो.

परवा समाधानच्या चुंबकाला एक बारीक, पांढरं नाणं चिकटलं.
बाई नाही. म्हातारा. तोंड डावीकडे.
मोबाइलवर बघून म्हणाला, 'तिचा मुलगा.
सत्तरी ओलांडल्यावर बसला.
नवा आला की तोंड फिरवायचं, तशी रीत आहे तिकडची.'
म्हणजे ती गेली.
इकडे कुणी सांगितलंच नाही.
सांगून तरी मी काय करणार होते,
दगड सोडून उठणार होते?

दोन्ही नाणी पाठीला पाठ लावून धरली.
समोर पाण्यात आपला दुतोंड्या मारुती,
वरून येणारंही बघतो, खाली जाणारंही.
पूर आला की सगळं नाशिक विचारतं, पाणी कुठवर?
त्याच्या कंबरेला? गळ्याला?
त्याला कसं वाटतं, ते कुणी विचारलेलं ऐकलं नाही.

माझ्या सुनेला इथे बसायचं नाही.
तिनं खांबावर स्कॅनरचा कागद चिकटवलाय.
पैसे येतात म्हणे त्यात, आवाजही करतो.
येत असतील. पाण्यात काय टाकणार, कागद?

'मावशी, शंभरचे द्या.'
मुंडण केलेला पोरगा, विशीतला,
धोतर नेसायची सवय नसलेला.
'वडील होते,' म्हणतो, आणि थांबतो.

मी डबा पुढे ओढते.
एक. दोन.