टण्ण आणि बद्द

कामठी रोडवरचा प्रशिक्षण कक्ष,
मे महिन्याचे साडेअकरा, कूलरचं पाणी संपलेलं.
शालिक उरकुडेंच्या डोळ्यांवर मी तो मोठा चष्मा चढवते,
पट्टा मागून आवळते, विचारते, टोचतंय का.
मग हातात माझा फोन देते.
आता तो त्यांना दिसत नाही.
आत, मी बांधलेल्या कोळशाच्या खाणीत
त्याची काठी झाली आहे,
टोकाला लोखंडी बोंड.
तिच्या सावलीवर माझे दोन आठवडे गेलेत.

अंगठा वर सरकवला की पुढे, काका.
बाजूला ओढला की वळण.
दोनदा टिचकी म्हणजे दिवा.

पण काचेला ना खाच, ना मूठ.
न बघता तिला कुठे धरायचं?
अंगठा चाचपडतो
आणि खाणीत शालिककाका गोल गोल फिरतात.
मागच्या बाकावरची पोरं हसतात.
मध्येच माझ्या आईचा फोन येतो,
तिकडे जमिनीखाली काठी थरथरते.
"हे कायचं?"
काही नाही काका, मी बंद करते.

माझ्या हातात दुसरी काच, थोडी मोठी.
तिच्यावर तीन बटणं: धूर, पाणी, छत.
तिसऱ्यावर माझं बोट तयार आहे.

ते थांबतात.
अंगठा काचेवरून उचलतात.
फोन मुठीत घट्ट धरून
हवेत वर ठोकतात, एकदा.
मान वाकडी करून ऐकतात.
डावीकडे सरकून पुन्हा.
"मॅडम, छत बोलून नाई राह्यलं."

मी सांगते, आवाज नाही टाकलेला,
तडा जाईल तिथे लाल रेघ चमकेल.

"तडा त मंग दिसते. पैले आवाज येते.
चांगलं असन त टण्ण म्हन्ते,
सुटलं असन त बद्द."
हे सगळं ते कपाटाकडे तोंड करून सांगतात,
चष्म्यात मी कुठे आहे हे त्यांना कळत नाही.
चार पावलं जातात, खरी,
हाताला भिंत लागते.
तिच्यावर माझ्या फोनचा कोपरा आपटतात. टण्ण.
पुढे प्लायवुडचं पार्टिशन. बद्द.
"याच्याखाली नोका बसू."
पोरं आता हसत नाहीत.

फोनच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली.
तिसरं बटण मी त्या दिवशी दाबलं नाही.

शनिवारी परवानगी काढून, टोपी घालून
मी त्यांच्या मागोमाग सिल्लेवाड्याला खाली उतरले,
तोच चिरलेला फोन रेकॉर्डिंगला लावून.
ते ठोकत गेले, मी साठवत गेले.
टण्ण एकतीस. बद्द अकरा.
बाराव्याला त्यांनी माझा दंड धरून
मला मागे खेचलं.

फाईलच्या शेवटी माझ्या बुटांची फरफट आहे,
एक "सरक",
मग बराच वेळ दोघांचा श्वास.
प्रशिक्षणात त्याचा काही उपयोग नाही.
मी तो भाग कापलेला नाही.